न घसरलेला उतार

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात रॉजर्स पास नावाची खिंड आहे. ४ मार्च १९१० च्या रात्री तिथे रुळांवर आलेला बर्फ मजूर उपसत होते. तेवढ्यात समोरच्या डोंगरावरून दुसरं हिमस्खलन कोसळलं आणि ५८ जण गेले.

आज त्याच खिंडीत हौशी मंडळी स्कीवरून डोंगर चढतात आणि त्यांच्यापुढे गाइड चालतो. गाइडला स्की उत्तम यावंच लागतं, पण खरी विद्या बर्फ वाचण्याची. निरभ्र, थंड रात्री बर्फावर दहिवर धरतं. कडाक्याच्या थंडीत महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठतं तसंच, पण पिसांसारखं मोठं. त्यावर नवा बर्फ साचून घट्ट लादी झाली की तो कच्चा थर आठवडेच्या आठवडे खाली दडून राहतो. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर मग एका माणसाचं वजनही पुरतं. म्हणून शिकाऊ गाइड खड्डा खणतो, ३० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा खांब कापतो आणि वर फावड्याचं पातं ठेवून थापा मारतो: दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. कितव्या थापेला कुठला थर सरकला, ते वहीत उतरतं.

एवढं करूनही बर्फ हा वाईट गुरूच. उतार घसरला नाही, म्हणजे अंदाज बरोबर होता असं नाही; दोन हात बाजूनं गेलो असतो तर कदाचित घसरलाही असता. पण मऊ बर्फावरून सुखरूप खाली आलं की चूकच बरोबर म्हणून मनात रुजते. वीस वर्षांचा अनुभवही असा फसवा ठरू शकतो.

यावर तिथल्या लोकांनी काढलेला उपाय मला फार मोलाचा वाटतो. १९९१ पासून ‘इन्फोएक्स’ या व्यवस्थेतून, एरवी एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या स्की-कंपन्यासुद्धा आपल्या डोंगरावर दिवसभरात काय घसरलं ते एकमेकींना कळवतात. सकाळच्या बैठकीत ते वाचूनच कुठले उतार आज बंद ते ठरतं. बंद ठरलेला उतार दुपारी कितीही मोहक दिसला, तरी त्या दिवशी उघडत नाही.

१ फेब्रुवारी २००३ ला याच खिंडीजवळ शाळेच्या सहलीतली ७ मुलं हिमस्खलनात गेली. जवळच असलेल्या दोन गाइडांनी ते पाहिलं आणि धावत जाऊन खणायला सुरुवात केली. गाडल्या गेलेल्या माणसाच्या हाती जेमतेम दहा-पंधरा मिनिटं असतात. बाहेरची मदत तेवढ्यात पोचत नाही. म्हणून शिकाऊ गाइडांना शोधण्याचा सराव व्हावा यासाठी प्रशिक्षक झालेला गाइड ४५७ किलोहर्ट्झवर संदेश सोडणारं यंत्र पिशवीत घालून बर्फात पुरतो आणि घड्याळ लावतो. त्यांना पिशवी सापडली की तो ती दुसरीकडे पुरतो.