बाई, एवढं पाणी आलं कुठून?

मुलांनो, हा प्रश्न माझा नाही बरं का! माझ्या वर्गातल्या एका मुलीचा आहे.

२०२१ सालचा जुलै महिना. कोरोनामुळे शाळा तेव्हा बंदच होत्या. पण २२ जुलैला चिपळूणला मोठा पूर आला आणि पाणी ओसरल्यावर आम्ही शिक्षक शाळा साफ करायला गेलो. वर्गात घोटाभर चिखल. त्यात खडू, तक्ते, हजेरीपट सगळं कालवलेलं. आजूबाजूची पाच-सहा मुलंही खराटे घेऊन मदतीला आली. त्यांत चौथीतली ही मुलगी होती. भिंतीवरचा चिखल खरवडता खरवडता ती म्हणाली, "बाई, पहाटे आमच्या दारात पायरीएवढंच पाणी होतं. आई चहा करेपर्यंत ते ओटीवर चढलं. एवढं पाणी आलं कुठून?"

"अगं, पाऊस किती पडत होता, बघितलास ना?" मी म्हटलं.

"पाऊस तर दरवर्षीच पडतो की!"

आहे की नाही बिनतोड मुद्दा? आपल्या रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पागोळ्यांचा आवाज ऐकतच आपण झोपतो. नुसत्या पावसाला आपण थोडेच घाबरतो! मग त्या दिवशी वेगळं काय झालं? चला, तिच्या प्रश्नाचं उत्तर आपण मिळून शोधू.

डोंगरावरचा पाऊस, दारातलं पाणी

भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा काढा. गोदावरी नदी बघा. नाशिकजवळ उगम पावून ती पार बंगालच्या उपसागराला मिळते. लांबी १४६५ किलोमीटर! आता आपली वाशिष्ठी शोधा. सह्याद्रीत उगम, मध्ये चिपळूण आणि दाभोळला समुद्र. गोदावरीपुढे अगदी लहानगी पोर. पण या पोरीचा स्वभाव तापट! डोंगराच्या माथ्यावरून ती उभ्या उताराने धावत येते. गोदावरीचा पूर खालच्या गावांना पोचायला काही दिवस लागतात. वाशिष्ठीला काही तास पुरतात.

त्या आठवड्यात सह्याद्रीवर किती पाऊस झाला, माहीत आहे? महाबळेश्वरला २३ जुलैच्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. सोलापूरकडच्या काही दुष्काळी तालुक्यांत वर्षभरात जेमतेम एवढा पाऊस होतो! महाबळेश्वरचं पाणी काही सरळ चिपळूणला येत नाही. ते सावित्रीतून महाडकडे आणि कृष्णा-कोयनेतून कराडकडे जातं. पण चिपळूणच्या डोक्यावरच्या डोंगरांतही पाऊस तसाच कोसळत होता.

आता एक गणित करू. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी. तुमच्या वर्गाचं छप्पर ३० चौरस मीटर धरा. ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या एका छपरावर किती पाणी पडेल? ५९४ गुणिले ३०, म्हणजे १७,८२० लिटर. दहा हजार लिटरचे जवळजवळ दोन टँकर! आणि हे फक्त एका वर्गाचं. मग अख्ख्या डोंगररांगेचं किती?

हे सगळं पाणी पऱ्ह्यांतून, ओढ्यांतून वाशिष्ठीत उतरलं. चिपळूण शहरातून वाहणारी शिवनदीही तिलाच मिळते, तीही फुगली. आणि पुढे समुद्राचं दार अर्धवट बंद! ते कसं? आषाढी एकादशी २० जुलैला झाली होती, म्हणजे पौर्णिमा तोंडावर आली होती. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास भरती मोठी असते, हे तुम्हाला शिकवलेलं आहे. दाभोळच्या खाडीतून भरतीचं पाणी आत थेट चिपळूणच्या गोवळकोटपर्यंत चढतं. वरून नदी खाली ढकलते, खालून समुद्र वर रेटतो. मधल्या गावाने करायचं काय?

त्यात नदीच्या पात्रात वर्षानुवर्षांचा गाळ साचलेला. वाटीत आधीच अर्धी वाळू भरली, तर आमटी किती मावणार? तसंच.

वाशिष्ठीची आणखी एक गंमत सांगते. तिच्यात पलीकडच्या कोयना नदीचंही पाणी येतं. कोयना खरं तर पूर्वेला जाऊन कराडला कृष्णेला मिळते. पण धरणातलं काही पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या अलीकडे आणलं आहे. पोफळीच्या वीजघरात वीज तयार करून ते कोळकेवाडीच्या धरणात येतं आणि शेवटी वाशिष्ठीला मिळतं. म्हणूनच ही नदी उन्हाळ्यातही वाहती असते. म्हणजे तिच्याकाठी राहायचं, तर डोंगराच्या दोन्ही बाजूंवर लक्ष ठेवायला हवं!

भिंतीवरचा खिळा

त्या मुलीच्या आजीने घरातल्या भिंतीवर एक खिळा ठोकून ठेवला होता. २६ जुलै २००५ च्या पुराचं पाणी तिथवर आलं होतं. त्याच दिवशी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, ते तुमच्या आई-बाबांना नक्की आठवत असेल. तर २०२१ मध्ये पाणी घरात शिरायला लागल्यावर आजी म्हणाली, "सगळं सामान खिळ्याच्या वर ठेवा, म्हणजे झालं." धान्य, कपडे, दप्तर, सगळं खिळ्याच्या वर चढवलं. पण पाणी खिळ्यापाशी थांबलंच नाही! शेवटी सगळे शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेले. माणसं वाचली, सामान मात्र गेलं.

आजीची चूक होती का? मुळीच नाही. खूण करून ठेवणं हे शहाणपणच. पण मुलांनो, खूण एवढंच सांगते की पाणी एकदा इथवर आलं होतं. यापुढे त्याच्या वर येणार नाही, असं वचन काही ती देत नाही!

चिपळूणच्या बाजारपेठेत त्या दिवशी पाणी पहिल्या मजल्यापर्यंत गेलं. एसटीच्या आगारात गाड्या बुडाल्या. तिथल्या आगारप्रमुखांनी एसटीची सुमारे नऊ लाख रुपयांची रोकड बरोबर घेतली आणि ते एका बसच्या टपावर चढले. भर पावसात, भोवती पाणीच पाणी, आणि ते कित्येक तास टपावर बसून राहिले! गावातलं १८६४ साली स्थापन झालेलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर २००५ मध्ये बुडालं होतं, ते पुन्हा बुडालं. पुस्तकं भिजली की पानं एकमेकांना चिकटून वीट होते. ते बघवत नाही.

आणि वारा?

माझं माहेर दापोली तालुक्यात, समुद्राच्या कडेला. घराभोवती वाडी. वाडीत माड आणि पोफळी. ३ जून २०२० ला तिथे निसर्ग चक्रीवादळ आलं. वादळांची नावं आधीच ठरवून ठेवलेली असतात. 'निसर्ग' हे नाव बांगलादेशाने सुचवलेलं.

चक्रीवादळ तयार होतं तापलेल्या समुद्रावर. पाण्याचं तापमान साडेसव्वीस अंशांच्या वर गेलं की भरपूर वाफ वर चढते. वर तिचे ढग होतात आणि त्या वाफेतली उष्णता बाहेर पडते. मग हवा आणखी जोराने वर जाते, तिची जागा घ्यायला चहूकडून वारा धावतो आणि भोवरा फिरू लागतो. निसर्ग वादळ किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाने वाहत होता. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा रेटा दुप्पट नाही, चौपट होतो. कौलं पत्त्यांसारखी उडाली. केळशी, आंजर्ल्याकडच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावल्यावर फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. माझे बाबा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

पण आमच्या वाडीत एकाही माणसाला ओरखडासुद्धा आला नाही! का? कारण वादळ अजून समुद्रात होतं तेव्हाच हवामान खात्याने सांगितलं होतं. गावात दवंडी फिरली. किनाऱ्यावरची माणसं पक्क्या घरांत गेली. आम्ही कौलारू पडवी सोडून मधल्या खोलीत बसलो. वारा यायच्या आधी बातमी पोचली होती.

एक वादळ, तीन रूपं

आता थोडं लांब जाऊ. सह्याद्रीवर बर्फ का पडत नाही हो? सोपं आहे. एक किलोमीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. आपलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. किनाऱ्यावर २८ अंश असेल, तर तिथे साधारण सतरा-अठरा. म्हणजे पाऊसच पडणार! पण नेपाळमधली थोरांग-ला ही खिंड ५४१६ मीटर उंच आहे. करा हिशेब. तापमान शून्याच्या खाली गेलं ना? तेच ढग, तीच वाफ, पण तिथे बर्फ पडतो.

१२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद नावाचं चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं. वारा ताशी १७० ते १८० किलोमीटर. शहरातली झाडं उन्मळून पडली, सखल भागांत पाणी भरलं. मग वादळ मंदावत उत्तरेला गेलं. लोकांना वाटलं, संपलं. पण दोनच दिवसांनी, हजार किलोमीटरहून लांब, त्याच वादळाची उरलेली वाफ हिमालयावर पोचली. थोरांग-ला खिंडीच्या परिसरात प्रचंड बर्फ पडला आणि हिमकडे कोसळले. चाळीसहून जास्त माणसं गेली. ऑक्टोबर हा तिथे पदभ्रमणाचा चांगला महिना. आंध्रच्या किनाऱ्यावर आलेलं वादळ आपल्यापर्यंत पोचेल, हे त्या वाटसरूंना कोणी वेळेवर सांगितलं नव्हतं.

बघा हं. वारा, पूर, बर्फ, ही तिन्ही एकाच वाफेची लेकरं! आणि या सगळ्या गोष्टींत एक गोष्ट सारखी आहे. संकट दुसरीकडे तयार झालं आणि मग आपल्याकडे आलं. म्हणून आपल्या डोक्यावरचं आभाळ बघून भागत नाही. डोंगरावर काय चाललंय, समुद्रात काय चाललंय, तेही विचारायला हवं. त्याला यायला जो वेळ लागतो ना, तेवढाच आपल्या हातात असतो.

आपण काय करायचं?

एक सरळ उभ्या बाजूंचा, सपाट बुडाचा डबा घ्या. उघड्या अंगणात ठेवा. रोज सकाळी साडेआठला आत पट्टी उभी धरून पाणी किती मिलिमीटर भरलं ते वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. हवामान खातंही साडेआठलाच पाऊस मोजतं! वहीत आणखी दोन रकाने आखा. एकात त्या दिवसाची तिथी, म्हणजे मोठी भरती कधी ते कळेल. दुसऱ्यात हवामान खात्याच्या इशाऱ्याचा रंग. हिरवा म्हणजे काळजी नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयार राहा. लाल म्हणजे आता हालचाल करा.

घाटाखाली किंवा नदीच्या वरच्या अंगाला तुमचे मामा, मावशी, कोणी राहतात का? जोराचा पाऊस लागला की त्यांना फोन करा. "तुमच्याकडे ओढा कुठवर आलाय?" एवढंच विचारा.

आणि पाणी दारात आलंच, तर ते बघायला पुलावर जायचं नाही! वाहत्या पाण्यात उतरायचं नाही. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यातही नाही, कारण त्यातून लेप्टोची बाधा होते. दप्तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून सर्वांत वर ठेवा. पण निघायची वेळ झाली, तर दप्तरासाठी मागे फिरू नका. पुस्तकं पुन्हा मिळतील.

आई-बाबांनो, दोन शब्द तुमच्यासाठीही. पाणी यायच्या आधीच विजेचा मुख्य खटका बंद करा. रेशनकार्ड, दाखले, औषधं एका पिशवीत तयार ठेवा. ११२ हा तातडीचा आणि १०७७ हा जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक मुलांकडून पाठ करून घ्या. आणि कोणत्या घराच्या गच्चीवर जायचं, ते पावसाळ्याआधीच ठरवा. चिपळूणच्या लोकांनी पुरानंतर उपोषण करून नदीतला गाळ काढायचं काम सुरू करायला लावलं. तशी मागणी आपल्या नदीसाठीही करता येते. पण गाळ निघाला म्हणून खिळा विसरून चालणार नाही.

त्या मुलीच्या घरी आता भिंतीवर दोन खिळे आहेत, एकाच्या वर एक. दुसरा तिने स्वतः ठोकला. मी गेले तेव्हा तिने विचारलं, "बाई, तिसरा किती उंचावर लागेल?"

मी म्हटलं, "ते मला सांगता येणार नाही. पण पुढच्या वेळी आई चहा ठेवायच्या आधी निघायचं, एवढं नक्की."

तुमच्या गावात अशी पाण्याची खूण कुठे आहे? देवळाच्या पायरीवर, पुलाच्या खांबावर, की कोणाच्या भिंतीवर? आजी-आजोबांना विचारा, पट्टीने उंची मोजा, साल लिहा, आणि आम्हाला जरूर कळवा. वाट बघते हं!