विवाहापूर्वीचे अपत्य आणि सैनिक पिता : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सैन्यदलातील पुरुषाशी विवाह ठरलेला असताना, परंतु विवाहविधी होण्याआधीच अपत्य जन्माला आले, तर त्या अपत्याच्या आणि त्याच्या मातेच्या हक्कांविषयी समाजात अनेक चुकीच्या कल्पना प्रचलित असलेल्या दिसतात. लग्नाची तारीख मुहूर्तावर नव्हे तर रजेवर अवलंबून असते, रजा ऐनवेळी रद्द होते, आणि सैन्यदलातील प्रत्येक सवलत अधिकृत नोंदीशी बांधलेली असते; या तीन कारणांमुळे इतर व्यवसायांतील जोडप्यांपेक्षा येथे कायद्याची अचूक माहिती अधिक मोलाची ठरते. पुढील विवेचन भारतीय कायद्यापुरते, आणि व्यक्तिगत कायद्याच्या बाबतीत मुख्यतः हिंदू कायद्यापुरते मर्यादित आहे.

विवाह झालेला नसेल तर पित्यावर अपत्याची कोणतीही जबाबदारी नसते, हा सर्वांत व्यापक आणि सर्वांत घातक गैरसमज होय. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 नुसार, स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या औरस किंवा अनौरस, म्हणजे वैध विवाहातून किंवा विवाहबाह्य संबंधातून जन्मलेल्या, अपत्यास पोटगी देणे पित्यावर बंधनकारक आहे. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 मध्ये हीच तरतूद होती, आणि 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचे कलम 20 हेच कर्तव्य स्वतंत्रपणे सांगते. पितृत्व नाकारले गेल्यास ते सिद्ध करावे लागते. डीएनए चाचणीसाठी रक्ताचा नमुना देण्याची सक्ती न्यायालय करीत नसले, तरी चाचणीस नकार देणाऱ्याविरुद्ध प्रतिकूल अनुमान काढू शकते. म्हणूनच पित्याने पितृत्व लेखी मान्य केल्याचा कोणताही दस्तऐवज जपून ठेवणे आवश्यक असते.

याच्याशी जोडलेला दुसरा समज असा की, सैनिकाच्या पगाराला कोणी हात लावू शकत नाही. या समजाला आधार आहे, पण तो अर्धाच आहे. सेना अधिनियम, 1950 च्या कलम 28 नुसार दिवाणी किंवा महसूल न्यायालयाच्या आदेशाने सैनिकाचे वेतन व भत्ते जप्त करता येत नाहीत. मात्र त्याच अधिनियमाचे कलम 90 अधिकाऱ्यांच्या आणि कलम 91 इतर सैनिकांच्या बाबतीत असे सांगते की, केंद्र सरकारच्या किंवा विहित अधिकाऱ्याच्या आदेशाने पत्नीच्या, तसेच औरस किंवा अनौरस अपत्याच्या निर्वाहासाठी वेतनातून कपात करता येते. नौदलाच्या 1957 च्या अधिनियमातील कलम 31 ही जबाबदारी आणखी थेट शब्दांत मांडते. याचा व्यावहारिक अर्थ असा की, माता अपत्याच्या वतीने संबंधित युनिटच्या कमांडिंग ऑफिसरकडे निर्वाहासाठी अर्ज करू शकते, आणि न्यायालयाचा मार्गही तिला त्याचबरोबर खुला राहतो. अपत्य अनौरस आहे म्हणून त्याला या तरतुदीतून वगळता येत नाही, कारण कायद्याने तो शब्द जाणीवपूर्वक समाविष्ट केलेला आहे, आणि हे या कायद्याचे निःसंशय मोठेपण आहे.

स्वतः मातेची स्थिती मात्र वेगळी आहे. साखरपुडा झाला किंवा अपत्य झाले एवढ्याने ती सैनिकाच्या ‘कुटुंबा’त गणली जात नाही, विवाहाची नोंद ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये, म्हणजे सैनिकाच्या सेवेतील व कौटुंबिक घटनांची अधिकृत नोंद करणाऱ्या आदेशात, झाल्यानंतरच पत्नी या नात्याने सैनिकी रुग्णालय, निवासस्थान यांसारख्या सुविधांचा मार्ग मोकळा होतो. त्यामुळे प्रसूतीचा खर्च सैन्यदल उचलेल असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. ती स्वतः नोकरी करीत असेल, तर प्रसूती लाभाच्या कायदेशीर रजेसाठी विवाहाची अट नाही, हे मात्र तिने आवर्जून लक्षात ठेवावे.

गर्भधारणा विवाहापूर्वी झाली म्हणून अपत्य अनौरस ठरते, असे मानणेही चूक आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 चे कलम 116 गर्भधारणेचा नव्हे तर जन्माचा काळ पाहते. वैध विवाह अस्तित्वात असताना जन्मलेले अपत्य औरस मानले जाते. प्रसूतीपूर्वी विवाह करू इच्छिणाऱ्यांनी वेळेचे गणित मात्र नीट करावे. 1954 च्या विशेष विवाह कायद्यानुसार नोटिशीनंतर 30 दिवस थांबावे लागते. तथापि नोटिशीपूर्वीचा 30 दिवसांचा वास्तव्याचा निकष वधूवरांपैकी एकाने पूर्ण केला तरी पुरतो, त्यामुळे वधूच्या जिल्ह्यात प्रक्रिया सुरू करून वराची रजा त्यानुसार ठरवता येते. हिंदू विवाह कायद्यानुसार लग्न करणाऱ्यांनी मात्र, सैनिकी नोंदीसाठी केवळ प्रमाणपत्र मिळवून विधी नंतर करू, हा विचार टाळावा, कारण विधीशिवाय निव्वळ नोंदणीने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट केले आहे.

सर्वांत गुंतागुंतीचा प्रश्न वारसाहक्काचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2023 च्या निकालानंतर विवाहाविना जन्मलेल्या प्रत्येक अपत्याला पित्याच्या वडिलोपार्जित संपत्तीत वाटा मिळतो, असा समज पसरला. प्रत्यक्षात तो निकाल हिंदू विवाह कायद्याच्या कलम 16 विषयी आहे, आणि ते कलम शून्य किंवा शून्यकरणीय विवाहातील, म्हणजे विधी झाले परंतु कायद्याने मुळातच अवैध ठरलेल्या किंवा न्यायालयाने रद्द करण्याजोग्या विवाहातील, अपत्यांना संरक्षण देते. जेथे कोणताही विवाहविधी झालेलाच नाही, तेथे हिंदू उत्तराधिकार कायदा अनौरस अपत्याचे नाते मातेशी मानतो, पित्याशी नाही. दीर्घ सहवासावरून विवाह झाल्याचे अनुमान काढता येते, हे 2022 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले असले, तरी ज्याचे वर्षातील बहुतेक महिने दूरच्या छावणीत जातात, त्याच्याबाबतीत असा सहवास सिद्ध करणे अवघड जाते. नंतर विवाह केल्याने आधीचे अपत्य आपोआप औरस होते, अशी तरतूदही हिंदू विवाह कायद्यात नाही. गोव्याची परिस्थिती येथे निराळी आहे. तेथे आजही लागू असलेल्या 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेत नंतरच्या विवाहाने आधीचे अपत्य औरस ठरवण्याची कल्पना मान्य केलेली आहे.

जन्मनोंदणीसाठी पित्याचे नाव अनिवार्य असल्याचे सांगून मातेला परत पाठवले जात असेल, तर ते कायद्याला धरून नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये अविवाहित मातेला प्रतिज्ञापत्रावर जन्मदाखला देण्याचा निर्देश दिला, आणि 2023 च्या दुरुस्तीने जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातही अविवाहित मातेचा उल्लेख आला. अशा अपत्याची नैसर्गिक पालक प्रथम माताच असते, त्यामुळे पित्याच्या घरच्यांना केवळ रक्ताच्या नात्यावरून बाळ ताब्यात घेता येत नाही.

वारसाहक्काची उणीव भरून काढण्यासाठी मृत्युपत्र केले की निवृत्तिवेतनाचाही प्रश्न मिटला, असे काही जण मानतात. परंतु कुटुंब निवृत्तिवेतन ही मृताची मिळकत नसून नियमांनी ठरलेल्या व्यक्तींना मिळणारा लाभ आहे, आणि ते मृत्युपत्राने देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच म्हटले आहे. स्वकष्टार्जित मिळकत आणि एकत्र कुटुंबातील स्वतःचा हिस्सा मात्र हिंदू सैनिकाला अपत्याचे नाव स्पष्ट लिहून मृत्युपत्राने देता येतो. त्यासाठी मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, केवळ दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. हे काम प्रत्येक सैनिक पित्याने पुढच्या रजेची वाट न पाहता चालू रजेतच पूर्ण करावे.