मोबाईलच्या पडद्यावरील फसवी मांडणी

आठवडी बाजारात दुकानदाराने मापात पाप केले, तर गिऱ्हाईक त्याला तेथेच अडविते. मोबाईलच्या पडद्यावर मात्र ते ध्यानी येण्यापूर्वीच पैसे खात्यातून गेलेले असतात.

समजा, पालम तालुक्यातील एका शेतकऱ्याने फवारणीचा पंप मोबाईलवरून मागविला. किंमत ठळक अक्षरांत दिसते. 'दोनच नग शिल्लक' अशी सूचना लुकलुकते. ती खरी असेलच असे नाही. अखेरच्या पायरीवर हाताळणी-आकार वाढतो आणि विम्याच्या चौकटीत आधीच होकाराची खूण केलेली असते. 'स्वीकारा' हे बटण मोठे व हिरवे, तर 'नको' हा शब्द फिकट अक्षरांत कोपऱ्यात. खेड्यात बटण दाबणारा एक आणि पैसे भरणारा दुसरा, असेही पुष्कळदा घडते. मग संमती नेमकी कोणाची?

अशा मांडणीस ब्रिटनमधील हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये 'डार्क पॅटर्न' हे नाव दिले. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली व तीत असे १३ प्रकार नमूद करून त्यांस मनाई केली. त्यांतील वर्गणीचा सापळा विशेष उपद्रवी. वर्गणी सुरू करण्यास एक स्पर्श पुरतो. बंद करावयाची तर पडद्यामागून पडदे ओलांडावे लागतात. अमेरिकेत अशाच आरोपावरून ॲमेझॉन कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये २५० कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. त्यांपैकी १५० कोटी ग्राहकांना परत करावयाचे होते.

दाद मागण्याच्या बाबतीत ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने मोठी सोय केली आहे. तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करता येते. कंपनी बंगळूरुची असली, तरी सोनपेठच्या ग्राहकास परभणीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही. तत्पूर्वी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावरही तक्रार नोंदविता येते.

तक्रारीस पुरावा लागतो. मुले ज्यास स्क्रीनशॉट म्हणतात, ते पडद्याचे चित्र पैसे भरण्यापूर्वीच काढून ठेवणे इष्ट. कारण मांडणी दुसऱ्या दिवशी बदललेली असू शकते. यूपीआयवरून दरमहा पैसे वळते करण्याची संमती नकळत दिली गेली असल्यास ती त्या ॲपमधील 'ऑटोपे' या भागात दिसते व तेथूनच रद्द करता येते.