वैरणीचा हिशेब

पाऊस सरत आला की जिथे शेतीचा खरा हंगाम सुरू होतो, अशा मोजक्या मुलखांपैकी सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याचे काळे शिवार हा एक होय. मृगावर पेरलेले पीक श्रावणातल्या लांबलेल्या उघडिपीत होरपळते, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव गाठीशी असल्यामुळे येथील कुणबी खोल काळ्या रानात खरिपाच्या मोहाला सहसा बळी पडत नाही. पावसाळाभर तो रान मोकळे ठेवतो, सप्टेंबरातला त्यातल्या त्यात भरवशाचा पाऊस जमिनीत जिरू देतो, आणि उत्तरा किंवा हस्त नक्षत्रात वाफसा साधून मालदांडी शाळू पेरतो. पुढे कापणीपर्यंत आभाळाने पाठ फिरवली, तरी जमिनीतल्या ओलीवर हे पीक पोसले पाहिजे, असा त्याचा हिशेब असतो. दुर्गादेवीच्या दुष्काळात दामाजीपंतांनी सरकारी धान्याची कोठारे रयतेसाठी खुली केली, ती याच मंगळवेढ्यात, असे परंपरा सांगते. पण कोठार खुले करावयाचे तर ते आधी भरलेले असावे लागते, आणि ते भरण्याचे काम किती सायासाचे व किती दूरदृष्टीचे आहे, हे येथील एका जिराईत कुटुंबाच्या शेतावर मला जवळून पाहावयास मिळाले. घरातल्या थोरल्यांना वस्तीवरचे सगळे अण्णा म्हणतात. काळी जमीन, एक खिलार बैलजोडी, दोन-तीन पंढरपुरी म्हशी आणि त्यांची वासरे-रेडके, एवढा त्यांचा प्रपंच.

उन्हाळी नांगरट आणि कुळवाच्या पाळ्या आटोपल्या, की पावसाळ्याच्या तोंडावर अण्णा उताराला आडवे सारे ओढतात आणि ते ठिकठिकाणी वरंब्यांनी जोडून सबंध रानाचे लहान लहान बंदिस्त वाफे करतात. वीतभर उंचीचे हे वरंबे पाहून त्यांच्या उपयोगाविषयी प्रथम शंकाच येते. परंतु भाद्रपदातल्या एका संध्याकाळी ढगफुटीसारखा पाऊस कोसळून गेल्यावर बांधाबांधाने हिंडलो, तेव्हा शेजारच्या उघड्या रानातून चहाच्या रंगाचे पाणी ओघळी पाडीत नाल्याकडे धावत होते, आणि अण्णांच्या रानात मात्र प्रत्येक वाफ्यातले पाणी त्याच वाफ्यात स्थिर उभे होते. ते पाणी किती, याचा हिशेब सोपा आहे. मीटरभर खोलीच्या काळ्या जमिनीत पिकाच्या मुळांना उपसता येईल अशी सुमारे 150 मिलिमीटर ओल मावते. एकरी ती सहा लाख लिटरांच्या घरात जाते. केवळ 10 मिलिमीटर पाऊस वाहून जाण्याऐवजी मुरला, तरी एकरामागे 40 हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरांचे चार टँकर पाणी, कोणत्याही विजेवाचून आणि तगाईवाचून शेतात जमा होते.

बांधांची कथा इतकी सरळ नाही. 1942 साली मुंबई इलाख्यात जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला, आणि त्यानंतर सरकारी देखरेखीखाली समपातळीच्या बांधबंदिस्तीची कामे गावोगाव निघाली. हलक्या व मध्यम जमिनीत हे बांध उपकारक ठरले. खोल काळ्या जमिनीचा स्वभाव मात्र निराळा. तिच्यात पाणी फार सावकाश मुरते; त्यामुळे ते बांधाला लागून दिवसेंदिवस तुंबते, तेवढ्या पट्ट्यात पेरणी साधत नाही, आणि उन्हाने भेगाळलेला बांध पुढच्या वर्षी पहिल्याच मोठ्या पावसात फुटतो. म्हणून अशा रानात किंचित ढाळ दिलेले बांध घालून जादा पाणी गवताळ सांडीतून हलकेच बाहेर काढावे लागते. अण्णांच्या बांधांवर मारवेल वाढलेला आहे. त्याच्या मुळ्या माती आवळून धरतात आणि त्याचा पाला म्हशींच्या दावणीत पडतो. मृदसंधारण आणि दुग्धव्यवसाय ही आपल्या दफ्तरांत दोन खात्यांची कामे असली, तरी येथे ती एकाच बांधावर उरकली जातात.

पेरणीच्या दिवशी तिफणीच्या चाड्यावर मूठ धरलेल्या माणसाच्या बोटांची लय न्याहाळावी. एकरी जेमतेम चार किलो बी आणि दोन ओळींत अठरा इंचांचे अंतर, हे प्रमाण वरवर पाहणाऱ्याला कंजूषपणाचे वाटेल. पण ओल मोजकी आहे, तेव्हा तिच्यावर हक्क सांगणारी ताटेही मोजकीच हवीत, हे त्यामागील तत्त्व आहे. सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्रात 1933 पासून कानिटकरांसारख्या कृषितज्ज्ञांनी जी पद्धती सिद्ध केली, तिचा गाभाही हाच: पाणी अडवावे, खत घालावे, विरळ पेरावे आणि वारंवार कोळपावे. शाळवाच्या कडेने करडईच्या ओळी असतात; तिच्या काट्यांमुळे मोकाट जनावर आत शिरत नाही, आणि घरच्या तेलाची तजवीजही होते.

कोळपणीचे माहात्म्य मला बैलांच्या मागे चालल्यावर पटले. पहिली कोळपणी पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात तणासाठी, दुसरी पाचव्या आठवड्यात भुसभुशीत थर राखण्यासाठी, आणि तिसरी आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने, ती मुख्यतः भेगांसाठी. काळी जमीन वाळताना आकसते आणि तिला खोलवर भेगा पडतात. त्या उघड्या राहिल्या तर खालच्या थरातली ओल वाऱ्याबरोबर निघून जाते. कोळप्याच्या दातांनी उकरलेली माती भेगेत पडते आणि पृष्ठभागावर कोरड्या मातीचे पांघरूण तयार होते. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे येथील शेतकरी म्हणतात, ते यामुळेच. तोंडाला मुसकी बांधलेले खिलार बैल गुडघाभर वाढलेल्या ताटांमधून एकही ताट न मोडता ज्या अदबीने चालतात, ती अदब यंत्राला अद्याप नीटशी साधलेली नाही.

माघ-फाल्गुनात कणसे खुडून झाली, की कडब्याच्या पेंढ्या बांधल्या जातात आणि या शेतीतला खरा कसोटीचा प्रसंग उभा राहतो. शाळू हे केवळ धान्याचे पीक नव्हे. उत्पन्नाचा फार मोठा वाटा वैरणीचा असतो, आणि टंचाईच्या वर्षी कडबा धान्यालाही मागे टाकतो. व्यापारी खळ्यावर येतो, शेकड्याचा दर बोलतो, रोख पैसे पुढे करतो. धान्यही गेले आणि कडबाही गेला, तर त्या वर्षीची जमेची बाजू डोळ्यांत भरण्याजोगी दिसते. मात्र पिकाने जमिनीतून उचललेल्या पालाशाचा बहुतेक भाग दाण्यात नसून ताटात असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे कडब्याने भरलेल्या मालमोटारीतून आपण वैरणीबरोबर जमिनीचाही एक अंश विकीत आहोत, हे कळून येते.

अण्णांची रीत अशी: वर्षाची वैरण आणि वर पुढल्या अवर्षणाची बेगमी बाजूला काढल्याशिवाय विक्रीची गोष्ट काढावयाची नाही. जनावरांची संख्या ते वैरणीवरून ठरवतात. जनावरे आधी वाढवून मग चाऱ्यासाठी दारोदार फिरण्याची पाळी ते येऊ देत नाहीत. कडबा अखंड न टाकता त्याची कुट्टी करतात, त्यामुळे बुडख्याकडचा टणक भागही वाया जात नाही. गोठ्यात जनावरांच्या पायांखाली उरल्यासुरल्या चिपाडांचा थर असतो आणि तो मूत्र शोषून घेतो. जनावराने टाकलेल्या नत्राचा निम्म्याच्या आसपास भाग मूत्रात असल्यामुळे, ते जमिनीत झिरपू देणारा गोठा अर्धे खत फुकट घालवतो. हा थर आणि शेण खड्ड्यात कुजते आणि वैशाखात शेतात पसरले जाते. शेणखताने पीक पोसते, एवढेच त्याचे काम नाही. त्याच्यामुळे मातीचे कण एकमेकांना धरून राहतात, पावसाचे पाणी वरून न पळता आत उतरते, आणि पुढच्या हस्तात पेरलेल्या बियाला तीच ओल मिळते. उन्हाळ्यात धनगरांची मेंढरे फिरत आली, की मोकळ्या रानात ती रात्री बसवतात आणि मोबदला म्हणून धान्य देतात. उभयपक्षी सोयीचा असा हा जुना करार आहे.

नफ्याचे काय, हा प्रश्न मी संकोच न ठेवता विचारला, आणि उत्तरही तितकेच स्पष्ट मिळाले. निव्वळ कोळपणीच्या कामावर बैलजोडी परवडत नाही. नांगरटीला अण्णाही भाड्याचा ट्रॅक्टरच बोलावतात. शेणखत आणि वाहतूक जमेस धरली, तरच जोडीचे खाते बरोबरीला येते. दुधाच्या दहा-दहा दिवसांच्या बिलातून किराणा, शाळा आणि दवाखाना भागतो, म्हणून शाळू खळ्यावरच मिळेल त्या भावाने विकण्याची निकड राहत नाही. मंगळवेढ्याच्या मालदांडीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तथापि मानांकनाचा लाभ थांबू शकणाऱ्यालाच होतो, आणि थांबण्याची ताकद अण्णांना दावणीतल्या म्हशी देतात. विकत आणावयाच्या वस्तू थोड्या असल्यामुळे वाईट वर्षी कर्ज होत नाही, आणि चांगल्या वर्षीची शिल्लक खरोखर शिल्लक राहते. उजनीचे पाणी जिथे पोचले तिथे ऊस पोचला, आणि तो पैका देतो, हे अण्णा नाकारीत नाहीत. परंतु ज्या रानाला कालवा नाही, तिथे विंधनविहिरी खणून उसाचे स्वप्न पाहणाऱ्यांच्या सातबाऱ्यावर बोजा चढलेलाही त्यांनी पाहिला आहे.

तो सातबारा क्षेत्र सांगतो, पीक सांगतो, बोजाही सांगतो; जमिनीची खोली मात्र सांगत नाही. मीटरभर खोलीची जमीन धुपून दीड फुटावर आली, तर तिच्यात मावणारी ओल निम्म्याहूनही कमी होते, आणि तरीही महसुलाच्या दफ्तरात ती एकराला एकरच राहते. ही घट कोणत्याही वर्षाच्या जमाखर्चात दिसत नाही, म्हणून कडबा विकून आलेली रक्कम नफा म्हणून लिहिली जाते आणि गेलेली माती कुठेच लिहिली जात नाही. अण्णांची शेती फायद्याची ठरते ती मुख्यतः यासाठी, की वरंबे, मारवेल आणि शेणखत यांवरचा खर्च ते दरवर्षी, भाव चढा असो वा पडता, विक्रीचा विचार करण्याआधी करून मोकळे होतात. भाव कितीही चढला तरी वर्षाच्या बेगमीतली पेंढी त्यांच्या खळ्यावरून हलत नाही, आणि व्यापाऱ्यांनाही आता ते ठाऊक झाले आहे.