एच.आय.व्ही.-१ च्या उपप्रकारांतील आवरण प्रथिनांचे जनुकीय व रचनात्मक भेद

प्रास्ताविक :
एच.आय.व्ही.-१ विषाणूचा 'एम' हा गट जगभर सर्वाधिक पसरलेला असून त्याचे ए, बी, सी, डी इत्यादी उपप्रकार आहेत. अमेरिका व पश्चिम युरोपात प्रामुख्याने 'बी', तर भारत व दक्षिण आफ्रिकेत 'सी' उपप्रकार आढळतो. जगातील जवळपास निम्मी लागण 'सी'मुळे झालेली असली, तरी आरंभीचे बरेचसे लससंशोधन 'बी'वर आधारलेले होते. ही विसंगती कितपत महत्त्वाची आहे, हे आवरण प्रथिनांच्या अभ्यासातून समजते.

आवरणाची रचना :
'एन्व्ह' जनुकापासून जीपी १६० हे प्रथिन तयार होते. मानवी पेशीतील फ्युरिन हे विकर त्याचे जीपी १२० व जीपी ४१ असे दोन भाग करते. अशा तीन जोड्या मिळून विषाणूच्या पृष्ठभागावरील काटा बनतो. जीपी १२० पेशीवरील सीडी४ या ग्राहीस व नंतर सीसीआर५ किंवा सीएक्ससीआर४ या सहग्राहीस जोडले जाते, तर जीपी ४१ विषाणू व पेशी यांची पटले एकजीव करते. जीपी १२० च्या वस्तुमानाचा सुमारे निम्मा भाग शर्करेचा असून हे कवच प्रतिपिंडांना अडविते.

उपप्रकारांतील भेद :
विषाणूच्या जनुकीय नकलेत होणाऱ्या चुका, पुनर्संयोजन व प्रतिकारशक्तीचा दाब यांमुळे 'एन्व्ह' जनुक झपाट्याने बदलते. दोन उपप्रकारांच्या आवरणातील अमिनो आम्लांचा क्रम २५ ते ३५ टक्क्यांपर्यंत भिन्न असू शकतो. व्ही३ या वळशाच्या टोकाशी 'बी'मध्ये सामान्यतः ग्लायसिन-प्रोलिन-ग्लायसिन-आर्जिनिन, तर 'सी'मध्ये आर्जिनिनच्या जागी ग्लुटामिन असते. 'सी' विषाणू बहुधा सीसीआर५ चाच वापर करतात. तसेच क्रमांक २९५ वरील शर्करा 'सी'मध्ये बहुधा नसते. त्यामुळे त्या भागातील शर्करांना जोडले जाणारे २जी१२ हे प्रतिपिंड 'सी'विरुद्ध सहसा निष्प्रभ ठरते.

निष्कर्ष :
तथापि केवळ उपप्रकार जुळविणे पुरेसे नाही. दक्षिण आफ्रिकेत 'सी'स अनुरूप लसीची एचव्हीटीएन ७०२ ही चाचणी परिणामकारकता न आढळल्याने २०२० साली थांबविण्यात आली. याउलट, २०१० साली प्रसिद्ध झालेले व्हीआरसी०१ हे प्रतिपिंड सीडी४ च्या जोडस्थानावर काम करते व प्रयोगशाळेत विविध उपप्रकारांतील सुमारे ९० टक्के विषाणूंना निष्प्रभ करते. हे जोडस्थान बदलल्यास विषाणूची पेशीत शिरण्याची क्षमताच धोक्यात येते. म्हणून ते बरेचसे स्थिर राहते. उपप्रकारांतील भेदांचा अभ्यास करण्याचे खरे प्रयोजन अशी न बदलणारी स्थाने ओळखणे हेच आहे. भारतासारख्या 'सी'प्रधान देशाच्या दृष्टीनेही उपयुक्त लसीचा मार्ग त्यातूनच जातो.