मॅकबुकचा प्रोसेसर २०२० मध्ये बदलत होता: तेव्हा घ्यायचा की थांबायचे?

ॲपल कंपनीने २०२० मध्ये आपल्या मॅक संगणकांचा प्रोसेसर बदलायचे ठरवले. २२ जून २०२० रोजी कंपनीच्या वार्षिक परिषदेत मुख्याधिकारी टिम कूक यांनी तशी घोषणा केली. २००६ पासून मॅकमध्ये असलेले इंटेलचे प्रोसेसर जाणार होते आणि त्यांच्या जागी कंपनीने स्वतः आखलेले, एआरएम पद्धतीचे प्रोसेसर येणार होते. पहिला संगणक २०२० च्या वर्षअखेर बाजारात येईल आणि पूर्ण बदलाला सुमारे दोन वर्षे लागतील, असे कंपनीने तेव्हा सांगितले होते. ऑक्टोबर २०२० संपत आला होता. म्हणजे नवे यंत्र तेव्हा काही आठवड्यांवर होते.

दुसरीकडे, २३ सप्टेंबर २०२० ला ॲपलचे स्वतःचे ऑनलाइन दुकान भारतात सुरू झाले. विद्यार्थ्यांसाठी तिथे सवलतीचे दर आहेत. तेव्हा कॉलेजे बंद, तास ऑनलाइन, त्यामुळे ज्यांनी कधी लॅपटॉपचा विचारही केला नव्हता ती घरेही चौकशी करत होती. ॲनिमेशन, फिल्म एडिटिंग, डिझाइन शिकणारी आपली मुले मॅकबुकच मागतात. काही जण सेकंडहँड शोधतात. आम्ही ज्या अभ्यासिकांबरोबर काम करतो तिथेही तेव्हा हाच प्रश्न येत होता: आत्ता घ्यायचा की थांबायचे?

या प्रश्नाचे उत्तर हवे तर आधी बदलत होते काय हे समजून घ्यावे लागेल.

बदल नेमका कशात?

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू, एवढे सगळ्यांना माहीत असते. पण प्रत्येक मेंदूला एकच भाषा समजते असे नाही. प्रोसेसरला कळणाऱ्या मूळ आज्ञांचा एक ठरलेला संच असतो. इंटेलचा संच १९७८ च्या ८०८६ या चिपपासून वाढत आला, म्हणून त्याला एक्स-८६ म्हणतात. एएमडीचे प्रोसेसरही तोच संच वापरतात. एआरएमचा संच वेगळा. तो १९८५ मध्ये इंग्लंडच्या केंब्रिजमधील एकॉर्न या कंपनीत जन्मला. तुमच्या हातातल्या मोबाइलमध्ये, मग तो अँड्रॉइड असो की आयफोन, बहुधा एआरएमच आहे.

आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ. जात पडताळणीसाठी पणजोबांचा शाळेचा किंवा महसुलाचा जुना दाखला काढला की तो अनेकदा मोडीत निघतो. भाषा मराठीच, माणूस आपलाच, मजकूरही आपलाच. पण आज टेबलावर बसलेल्या कारकुनाला तो वाचता येत नाही. मग मोडी वाचक शोधावा लागतो, देवनागरीत लिप्यंतर करून घ्यावे लागते, त्याला वेळ आणि पैसा लागतो. इंटेलसाठी तयार झालेला प्रोग्रॅम एआरएम प्रोसेसरसमोर ठेवला की हेच होते. प्रोग्रॅम बिघडलेला नसतो. समोरच्याला ती लिपी येत नसते, एवढेच.

उपाय दोन. एक, प्रोग्रॅम बनवणाऱ्याने तो नव्या प्रोसेसरसाठी पुन्हा तयार करून द्यायचा. दोन, मध्ये दुभाषा बसवायचा. ॲपलने या दुभाष्याचे नाव रोझेटा-२ ठेवले आहे. इजिप्तमध्ये १७९९ मध्ये सापडलेल्या ज्या शिलालेखामुळे तिथली प्राचीन लिपी वाचता आली, त्याचेच हे नाव.

कंपनीने हे का केले?

इंटेलची गाडी २०२० च्या आधी काही वर्षे अडखळत होती. चिपवरचे घटक जितके बारीक तितकी चिप कमी विजेत जास्त काम करते. इंटेलची १४ नॅनोमीटरची पद्धत २०१४ मध्ये आली. त्यापुढची १० नॅनोमीटरची पद्धत अनेक वर्षे लांबली. जुलै २०२० मध्ये ७ नॅनोमीटरचेही वेळापत्रक पुढे गेल्याचे इंटेलनेच जाहीर केले. त्याच काळात ॲपलच्या आयफोन आणि आयपॅडमधल्या चिप दरवर्षी वेगवान होत गेल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या आयफोन १२ मधली चिप ५ नॅनोमीटरची आहे.

लॅपटॉपमध्ये वीज आणि उष्णता यांना मोठे महत्त्व असते. बॅटरी किती तास चालते, मशीन किती तापते, पंखा किती ओरडतो, हे सगळे त्यावर ठरते. एआरएमची घडण मुळातच कमी विजेत चालण्यासाठी ओळखली जाते. ती फक्त मोबाइलपुरती आहे हा समजही आता टिकणार नाही. योगायोग असा की ज्या दिवशी ॲपलची घोषणा झाली, त्याच २२ जूनला जगातल्या सर्वांत वेगवान महासंगणकांच्या यादीत जपानचा फुगाकू पहिला आला आणि त्याचे प्रोसेसर एआरएम पद्धतीचे आहेत.

तेव्हा नवी यंत्रे कमकुवत असतील अशी भीती आम्हाला वाटत नव्हती. आमची काळजी वेगळी होती.

मागच्या वेळी काय घडले?

ॲपलने प्रोसेसर बदलण्याची ही तिसरी वेळ. १९९४ मध्ये मोटोरोलाच्या ६८००० मालिकेकडून पॉवर-पीसीकडे आणि २००६ मध्ये पॉवर-पीसीकडून इंटेलकडे कंपनी गेली. दुसरा बदल २०२० च्या बदलासारखाच होता. पॉवर-पीसीची तेव्हाची जी-५ चिप इतकी तापायची की ती लॅपटॉपमध्ये बसवताच आली नाही. ६ जून २००५ रोजी स्टीव्ह जॉब्ज यांनी इंटेलची घोषणा केली, जानेवारी २००६ मध्ये पहिली इंटेल यंत्रे आली आणि ऑगस्ट २००६ पर्यंत बदल पूर्णही झाला.

आता पुढच्या तारखा पाहा. ऑगस्ट २००९ मध्ये आलेली स्नो लेपर्ड ही मॅकची कार्यप्रणाली पॉवर-पीसीवर चाललीच नाही. म्हणजे २००६ च्या उन्हाळ्यात ज्याने शेवटचा पॉवर-पीसी मॅक घेतला, त्याला नवी कार्यप्रणाली मिळणे तीन वर्षांत बंद झाले. त्या काळचा दुभाषा, पहिला रोझेटा, जुलै २०११ च्या लायन आवृत्तीत काढून टाकला गेला. ज्यांचे प्रोग्रॅम तोवर नव्या प्रोसेसरसाठी तयार झाले नव्हते, त्यांचे दार तिथे बंद झाले.

२०२० मध्ये कंपनीने सांगितले होते की इंटेल मॅकना पुढची अनेक वर्षे आधार मिळेल. तारीख मात्र तेव्हा दिली नव्हती. दुभाषा कायमचा नसतो, हा मागचा अनुभव लक्षात ठेवूनच हिशेब केलेला बरा.

दुभाषा कुठे अडतो?

मायक्रोसॉफ्टचे ऑफिस आणि ॲडोबीचे फोटोशॉप नव्या प्रोसेसरसाठी तयार होत असल्याचे जून २०२० च्या परिषदेतच दाखवले गेले. रोजच्या वापराचे इतर प्रोग्रॅम रोझेटा-२ वर चालतील अशी अपेक्षा होती. पण काही ठिकाणी हा दुभाषा कामाला येणार नाही.

पहिले, विंडोज. इंटेल मॅकवर बूटकॅम्प वापरून विंडोज टाकता येते. अनेक विद्यार्थी त्याच भरवशावर मॅक घेत होते. नव्या मॅकवर बूटकॅम्प नाही. २०२० मध्ये एआरएमसाठीचे विंडोज १० होते, पण मायक्रोसॉफ्ट ते तेव्हा फक्त यंत्रासोबत बसवून देण्यासाठी उत्पादकांना देत होती, सुटे विकत नव्हती. रोझेटा-२ इंटेलसाठीचे विंडोज आभासी यंत्रात चालवून देणार नाही, हेही ॲपलने स्पष्ट केले आहे. त्यामुळे वाणिज्य शाखेच्या मुलांचे टॅली, मेकॅनिकलच्या मुलांचे सॉलिडवर्क्स किंवा कॅटिया, म्हणजे फक्त विंडोजवर चालणारे कोणतेही काम असेल, तर नवा मॅक घेऊ नये, असा आमचा तेव्हाचा सल्ला होता. अशा मुलांसाठी साधा इंटेल किंवा एएमडीचा विंडोज लॅपटॉप निम्म्या किमतीत जास्त उपयोगाचा.

दुसरे, ड्रायव्हर. प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सहीची यूएसबी किल्ली अशा वस्तूंना स्वतःचा छोटा प्रोग्रॅम लागतो. त्यातले जे प्रोग्रॅम कार्यप्रणालीच्या गाभ्यात शिरून काम करतात त्यांचे भाषांतर रोझेटा-२ करत नाही. उत्पादकाने नवा ड्रायव्हर दिला तरच ती वस्तू चालेल. जुन्या वस्तूंसाठी ते कष्ट कोण घेतो, हे आपण जाणतोच.

तिसरे, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे, आपले जुने मराठी साहित्य. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरचे विशेषांक, स्मरणिका, चळवळीतली नियतकालिके, पुस्तिका यांतला बराच मजकूर पेजमेकरमध्ये आणि युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये जुळवलेला आहे. ॲडोबीने पेजमेकर सातव्या आवृत्तीनंतर पुढे नेलाच नाही. मॅकवरचा पेजमेकर तर इंटेलच्या बदलातच संपला. तो ज्या जुन्या वातावरणात चालायचा, ते इंटेल मॅकवर आलेच नाही. आज तो मजकूर जिवंत आहे तो कुठल्या तरी डीटीपीवाल्याच्या जुन्या विंडोज मशीनवर. ते मशीन बंद पडले की फाइल असूनही ती उघडणार नाही. अशा मजकुराची मोडी होते, आणि या मोडीचा वाचक पुढे मिळेलच याची खात्री नाही.

किंमत कोण मोजतो?

समाजशास्त्राचा विद्यार्थी तंत्रज्ञानाकडे पाहतो तेव्हा त्याला यंत्रापेक्षा माणसांची उतरंड आधी दिसते. असा बदल होतो तेव्हा खर्च सगळ्यांवर सारखा पडत नाही. मोठ्या पगाराचा ग्राहक जुने मशीन विकून नवे घेतो. ते जुने मशीन दलालाकडून दुकानात आणि दुकानातून आपल्या वस्तीत येते. काही यंत्रे कंपन्या देणगी म्हणून संस्थांना देतात. यंत्राचे आयुष्य संपत आलेले असते तेव्हा ते आपल्याकडे पोहोचते, आणि नेमकी तेव्हाच कार्यप्रणालीची मुदतही संपते.

पुढच्या एक-दोन वर्षांत इंटेल मॅकबुक सेकंडहँड बाजारात मोठ्या संख्येने आणि उतरत्या किमतीत येतील, असा आमचा २०२० मधला अंदाज होता. स्वस्त दिसणारे ते मशीन किती वर्षे सुरक्षा अद्यतने घेईल, हे विक्रेता सांगणार नाही. २०२० च्या इंटेल मॅकबुक एअरची भारतातली किंमत तेव्हा ९२,९९० रुपयांपासून सुरू होत होती. कर्ज काढून, दागिने मोडून किंवा शिष्यवृत्तीचे थकलेले हप्ते येतील या भरवशावर जे घर एवढी रक्कम उभी करते, त्याच्यासाठी ही पाच-सात वर्षांतून एकदाच होणारी खरेदी असते. चुकले तर दुसरी संधी नसते.

मग काय करावे?

ज्यांचे काम मॅकवरच होते आणि जे थांबू शकत होते, त्यांनी २०२० मध्ये नवी यंत्रे येईपर्यंत थांबणे बरे होते. ती आल्यावरही पहिल्याच दिवशी पैसे देणे बरे नव्हते. आपण वापरतो ते चार-पाच प्रोग्रॅम कागदावर लिहावेत आणि प्रत्येकाच्या निर्मात्याने नव्या मॅकबद्दल काय सांगितले आहे ते तपासावे. महिना-दोन महिन्यांत वापरणाऱ्यांचे अनुभव कळणार होते.

ज्यांची परीक्षा किंवा प्रकल्प डोक्यावर आहे आणि ज्यांना विंडोजही लागते, त्यांनी थांबण्यापेक्षा विंडोज लॅपटॉप घ्यावा. विंडोजमध्येही एआरएमचे लॅपटॉप येत आहेत. त्यांच्यावर ६४ बिटचे जुने प्रोग्रॅम ऑक्टोबर २०२० मध्ये चालत नव्हते. मायक्रोसॉफ्टने ती सोय चाचणीसाठी नोव्हेंबरपासून देऊ असे ३० सप्टेंबर २०२० ला सांगितले होते. म्हणून दुकानात फक्त रॅम आणि हार्डडिस्क विचारून थांबू नका. प्रोसेसर कोणता, तेही विचारा.

सेकंडहँड मॅक घ्यायचाच असेल तर तो कोणत्या वर्षाचा आहे ते पाहा आणि किंमत पुढच्या तीन वर्षांत वाटून बघा. मागच्या वेळी तेवढीच मुदत मिळाली होती. तीस हजारांचे मशीन तीन वर्षे धरले तर वर्षाला दहा हजार पडतात. तेवढे मोजायची तयारी असेल तरच घ्या.

देणगीत यंत्रे स्वीकारणाऱ्या संस्थांनी देणगीदाराला नम्रपणे विचारावे: यावर आजची कार्यप्रणाली चालते का, आणि सुरक्षा अद्यतने मिळतात का? नाही असे उत्तर आले तर ते यंत्र मुलांच्या हाती देण्याआधी विचार करावा. नाहीतर कचरा टाकण्याची जबाबदारी तेवढी आपल्याकडे येते.

आणि ज्या मंडळांकडे, विहारांकडे, प्रकाशकांकडे पेजमेकरच्या फाइली आहेत, त्यांनी हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नये. जुने मशीन चालू आहे तोवर प्रत्येक अंकाची पीडीएफ काढून घ्या. शक्य तिथे मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, त्यासाठी फॉन्ट बदलणारी साधने मिळतात. रूपांतरात जोडाक्षरे बिघडतात, म्हणून मुद्रितशोधनाला माणूस लागेल. अभ्यासिकेतली चार मुले आणि दोन निवृत्त शिक्षक एका दिवाळीच्या सुटीत कितीतरी अंक मार्गी लावू शकतात. तयार झालेल्या प्रती दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा.