उजेडानेच पटलेली ओळख

सावंतवाडीच्या उत्तरेला, देवगड तालुक्यातल्या विजयदुर्ग किल्ल्यावर काही चौथरे आहेत. लोक त्यांना ‘साहेबाचे कट्टे’ म्हणतात. दर 18 ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो, कारण 1868च्या खग्रास ग्रहणात खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांना हेलियमचा सुगावा इथेच लागला, असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा त्यांनी 20 ऑक्टोबरला तिथूनच पाहिली. विजयदुर्गला ते आले 22 जानेवारी 1898च्या ग्रहणासाठी, आणि ‘मेल्पोमीन’ या युद्धनौकेवरचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. कट्ट्यांचा हा खरा इतिहासही तितकाच अभिमानाचा आहे.

पण पृथ्वीवर असलेला वायू आधी सूर्यावर का सापडावा? रसायनशास्त्रज्ञ पदार्थ ओळखत ते त्याच्या वागण्यावरून: जळतो का, गंजतो का, आम्लाशी काय करतो. हेलियम यातलं काहीच करत नाही. सूर्याच्या धगीत मात्र त्याचे इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातात आणि खाली येताना 587.6 नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश सोडतात. विल्यम रॅम्से यांनी 1895 साली क्लेव्हाइट या खनिजातून निघालेला वायू ओळखला, तोही याच रेषेवरून.

हेलियमच्या अणूत दोनच इलेक्ट्रॉन, आणि पहिल्या कवचात जागाही दोघांनाच. त्यातला एक ओढून काढायला 24.6 इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते, सोडियमला 5.1 पुरते. तिसरा घ्यावा, तर त्याला दूरच्या दुसऱ्या कवचात जावं लागतं आणि तिथे केंद्रकाची ओढ त्याला धरून ठेवू शकत नाही. म्हणून देणंही नाही, घेणंही नाही. निऑन, अरगॉन यांच्या बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन असतात. तिथेही हाच हिशेब.

याच निष्क्रिय वायूंपैकी झेनॉन मात्र मोठा. त्याचे बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब, म्हणून पकड सैल. 1962 साली कॅनडात नील बार्टलेट यांनी प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइडने ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन हिसकावला होता. त्यासाठी लागते 12.07 इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा, झेनॉनसाठी 12.13. इतका निसटता फरक पाहून त्यांनी झेनॉनवर प्रयोग केला आणि नारिंगी-पिवळा घन पदार्थ तयार झाला. निष्क्रिय वायूचं ते पहिलं खरं संयुग.

हेलियम अजूनही अडूनच आहे. 2017 साली वातावरणाच्या सुमारे अकरा लाख पट दाबाखाली सोडियमसोबत त्याचं स्थिर संयुग बनल्याचं जाहीर झालं. तिथेही हेलियमने आपला इलेक्ट्रॉन सोडियमला दिलेला नाही. सोडियमच्या अणूंमधल्या फटींत तो नुसता बसला आहे.